तीन महिन्यांची साखर

त्या हिवाळ्यात फ्लूची साथ अशी आली की लॅबच्या बाकावर बसायला जागा उरेना. चिमी सकाळी सातला हातमोजे चढवायची ते दुपारी दोनलाच काढायची. खरं तर चाळिशी उलटलेल्या, जाड चष्म्याच्या बाईला चिमी म्हणणं म्हणजे गंमतच. पण थोरल्या भावानं लहानपणी ठेवलेलं नाव घरातून लॅबपर्यंत येऊन पोहोचलं होतं. वीस वर्षं ती लोकांचं रक्त काढत आणि तपासत आली होती. तिनं सुई टोचली तर कळतसुद्धा नाही, असं लोक म्हणायचे.

मंगळवारी दादाचा फोन आला. "तुझ्या वहिनीला ताप आहे. एकशे दोन."

वहिनीला मधुमेह, वजन नव्वदच्या घरात, जिना चढताना दोनदा थांबायची. मधुमेह असलेल्यांनी या साथीत जपा, असं जो तो सांगत होता. काम उरकून चिमी धावत गेली, तर वहिनी पलंगावर उशीला टेकून बसलेली. शेजारी साखर मोजायचं यंत्र, पाण्याची बाटली आणि आकड्यांची वही.

"एकशे ऐंशी झाली होती, आता दीडशे आहे," वहिनी म्हणाली. "डॉक्टरांना फोन करून विचारलंय. गोळ्या चालू ठेवायला सांगितल्यात. तू असा चेहरा करून उभी राहू नकोस, मलाच भीती वाटते."

दारात दादा उभा होता. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. अंगानं काटकुळा, अठ्ठावन्नाव्या वर्षीही दोन मजली शिडी सरसर चढणारा. मधुमेह त्यालाही होता, दहा वर्षांपासून, पण त्याची काळजी कुणी करत नसे. तो स्वतः तर नाहीच. "माझी साखर माझ्यासारखीच," तो म्हणायचा. "शिडी चढते आणि आपली आपण उतरते." वहिनीनं दोन महिन्यांपूर्वी फ्लूची लस घेतली, तेव्हा हा दवाखान्याच्या बाहेर पाटीच्या अक्षरांतल्या चुका काढत उभा होता.

वहिनी चौथ्या दिवशी उठून स्वयंपाकघरात गेली. आणि त्याच दिवशी, शुक्रवारी, दादा अंथरुणाला खिळला.

सगळे म्हणाले, वहिनी उठली, आता याला काय होतंय. चिमीला मात्र ते पटेना. तिला माहीत होतं ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी दादा लॅबमध्ये साखर तपासायला आला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुलासारखी त्याची रीत होती. तपासणीआधी दोन दिवस जिभेवर कडक पहारा, आणि एरवी मोकळं रान. "उपाशीपोटीची कर," तो म्हणाला, "ती तीन महिन्यांची भानगड नको." उपाशीपोटी एकशे अठ्ठावीस आली. दादा खुशीत गेला. पण चिमीनं सुई काढायच्या आधी जांभळ्या टोपणाची आणखी एक नळी भरून घेतली होती. तो निघून गेल्यावर तिनं गुपचूप ती तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली. सहासातच्या आसपास यायला हवा होता तो आकडा अकरा पॉइंट चार आला. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं पुन्हा लावून पाहिली. पुन्हा तोच.

म्हणजे तीन महिने या माणसाच्या रक्तात पावणेतीनशेच्या आसपास साखर खेळत होती.

तिनं कागद खणात टाकला. तो न विचारता केलेला होता, हे एक. पण खरं कारण वेगळंच होतं. वडील गेले तेव्हा दादानं शाळा सोडून शटरं रंगवायला घेतली, आणि त्यातून हिचं शिक्षण झालं. त्याला चार शब्द सुनवायचे म्हटलं की हिची जीभ टाळूला चिकटायची. नाट्यगृहाची मोठी पाटी त्याच्या हातात आहे, ती झाली की सांगू, असं तिनं ठरवलं. पाटी झाली. मग त्याचा वाढदिवस आला. मग साथ आली.

शनिवारी तिनं फोनवर विचारलं, "गोळ्या घेतोस ना?" तो म्हणाला, "हो गं बाई." रविवारी एरवी बंद असणाऱ्या लॅबमध्ये तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांना कामाला बोलावून घेतलं, आणि संध्याकाळी वहिनी म्हणाली, झोपलाय, उठवू नकोस. सोमवारी दुपारी बारालाच चिमीनं हातमोजे काढले, पिशवीत लघवी तपासायच्या पट्ट्या आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा चिमटा टाकला आणि निघाली.

खोलीत शिरल्याशिरल्या तिला त्याचा श्वास ऐकू आला. घड्याळ समोर धरून तिनं मोजला. मिनिटाला एकतीस. ओठांना भेगा पडलेल्या. उशाशी फळांच्या रसाच्या तीन रिकाम्या बाटल्या, आणि गोळ्यांचं पाकीट शुक्रवारपासून जसंच्या तसं.

"गोळ्या?"

"खातोय कुठे काही?" दादा थांबत थांबत म्हणाला. "पोटात अन्न नाही तर साखरेची गोळी कशाला? उगाच खाली जायची."

"आजारात साखर उलट वर जाते, दादा." तिनं त्याचं बोट टोचलं. चारशे सेहेचाळीस. चिमटा लावला. ऑक्सिजन नव्वद. लघवीच्या पट्टीवरचा चौकोन बघता बघता गडद जांभळा झाला, म्हणजे शरीर साखर वापरता येत नाही म्हणून चरबी जाळायला लागलं होतं. हे सगळं ती रोज परक्या माणसांच्या बाबतीत वाचत असे. आज तिनं पट्टी दोनदा उजेडात धरून पाहिली.

"ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"उद्या बघू. आज बरं वाटतंय जरा."

"उद्या नाही," चिमी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "वहिनी, गाडी बोलाव."

तातडीच्या विभागात ठेंगणी, शांत डोळ्यांची डॉक्टरीण होती. दादाला ऑक्सिजनचा मास्क लावता लावता तिनं विचारलं, "मधुमेह ताब्यात आहे का?"

"आहे," मास्कच्या आतून दादा म्हणाला. "सव्वाशे."

वहिनीनंही मान हलवली. चिमीनं पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

"नाही," ती म्हणाली. "तीन महिन्यांची अकरा पॉइंट चार आहे. चार महिन्यांपूर्वीची. लघवीतून प्रथिनंही जात असणार, मघाच्या पट्टीवर दिसली. आणि चार दिवस गोळ्या नाहीत, लस घेतलेली नाही."

दादानं डोळे तिच्याकडे वळवले. डॉक्टरीण भराभर लिहू लागली. मग तिनं इन्सुलिन आणि सलाइन सुरू करायला सांगितलं, छातीचा फोटो काढायला पाठवलं.

तासाभरानं तिनं दोघींना बाहेर बोलावलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया होता. "आणि बारीक माणूस म्हणून तुम्ही गाफील राहिलात," ती म्हणाली. "वजनाचा धोका आहेच, पण तो एकटा नसतो. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की विषाणूशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. किडनी दमलेली असते, वय असतं. त्यात आजारानं साखर आणखी चढते, आणि चढलेली साखर आजार वाढवते. हे चक्र आधी तोडायचंय. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. आत्ता मी कसलीच हमी देत नाही."

ती गेल्यावर वहिनी बाकावर बसली.

"घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं," ती म्हणाली. "मीसुद्धा माझ्याकडेच बघत बसले. मला का नाही सांगितलंस?"

"त्याला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मला?"

चिमीनं तिच्या हातावर हात ठेवला. वहिनीनं तिचा हात झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

ते दोन दिवस कसे गेले ते चिमीला नंतर नीट सांगता येत नसे. दारावरच्या गोल काचेतून आतल्या यंत्रावरचे ऑक्सिजनचे आकडे दिसायचे. एकदा ते शहाऐंशीवर आले, आतली माणसं धावली, आणि वहिनीनं पहिल्यांदा तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. श्वासाची नळी घालावी लागेल म्हणून सहीसुद्धा घेऊन ठेवली होती. ती वेळ आली नाही. गुरुवारी आकडे सावरले आणि नवव्या दिवशी दादाचा मास्क निघाला. किडनी मात्र पूर्वीसारखी राहिली नव्हती. इन्सुलिन आता घरीही घ्यायचं होतं.

चिमीशी तो त्यानंतर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ती त्याला इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते दाखवत होती.

"मला न विचारता तू रक्त घेतलंस," तो म्हणाला.

"हो."

"आणि न विचारताच गप्प बसलीस."

"हो, दादा."

"घेतल्याचा राग नाही मला." त्यानं पेन तिच्या हातून घेतलं. "दहाच्या आकड्यापर्यंत फिरवायचं ना?"

घरी सोडण्याआधी डॉक्टरिणीनं त्याला डोळ्यांच्या विभागात पाठवलं. डोळ्यांत थेंब घातल्यावर सगळं धुरकट झालं, आणि आयुष्यभर अक्षरं रंगवलेला माणूस समोरची पाटीसुद्धा न दिसता बसून राहिला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर. आतून कागद आला तो चिमीच्या हातात पडला. तिनं आधी मनात वाचायला घेतला.

"मोठ्यानं वाच," दादा म्हणाला.

"डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत," तिनं वाचलं. "उजव्यात सुरुवात आहे. लेझर करावं लागेल, या महिन्यातच. वेळेवर केलं तर नजर टिकेल असं लिहिलंय."

"आणखी?"

"साखर अशीच राहिली तर टिकणार नाही, हेही लिहिलंय."

दादानं धुरकट डोळे मिटले. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी खोकत होतं, आणि चिमी नकळत दादाच्या आणखी जवळ सरकून बसली.

"तारीख घे," तो म्हणाला. "आत्ताच जा. मी इथेच बसतो."