बाळ हातात घेण्याचा मान

स्पेनमधल्या लेओनची राणी बाळंतपणात गेली आणि तिच्या कबरीवरची माती वाळायच्या आत दरबारातल्या बायका राजासाठी नवरी शोधायला लागल्या. डोन्या मेंसियाला शोधायची गरजच नव्हती. तिची एस्तेवानिया घरातच होती, देखणी, लग्नाच्या वयाची आणि आईपुढे चकार शब्द न काढणारी.

अडचण एकच, डोन्या आल्दोन्सा. तिला आपली भाची राणी करायची होती. त्यात कानावर आलं, की राजपुत्राच्या बाप्तिस्म्याला बाळ हातात घ्यायचा मान त्या भाचीला मिळणार.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!" मेंसिया कडाडली. "राजाच्या डोळ्यांसमोर ती बाळ घेऊन मिरवणार, आणि माझी पोरगी मागे मेणबत्ती धरून उभी राहणार होय?"

बाईने रान उठवलं. बिशपची मनधरणी केली, राजाच्या मामाला आपल्या मळ्यातली वाइन पाजली, आणि भर दरबारात आल्दोन्साला सुनावलं, "तुमच्या भाचीला स्वतःचा झगा सावरता येत नाही, बाळ कसलं सावरतेय?"

आल्दोन्साने थोडं ताणून धरलं, मग सुस्कारा सोडला. "घ्या बाई, घ्या. तुमच्यापुढे कोणाचं चाललंय?"

रविवारी एस्तेवानियाने बाळाला पाण्याच्या कुंडातून वर उचलून घेतलं. बाळाला श्रद्धेच्या वाटेवर नेशील का, असं बिशपने विचारलं तसा तिने खणखणीत होकार दिला. पोरीचा एवढा आवाज मेंसियाने कधी ऐकला नव्हता. तिला अगदी भरून आलं.

मेजवानीत राजा उठला. एस्तेवानियासमोर मान झुकवून म्हणाला, "कोमाद्रे, तू आता माझ्या लेकराची धर्माची आई. म्हणजे माझी बहीणच झालीस."

मेंसियाच्या हातातला घास हातातच राहिला. धर्माच्या आईचं मुलाच्या बापाशी लग्न लागत नाही, हे लेओनमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण चढाओढीच्या भरात बाईच्या डोक्यातून ते पार निघून गेलं होतं. समोर आल्दोन्सा भाचीला आग्रहाने वाढत होती.

बाहेर पडल्या पडल्या मेंसियाने पोरीचा दंड धरला. "कार्टे, तुला तरी सुचायला नको?"

"सुचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कारण मला राणी व्हायचं नव्हतं." एस्तेवानियाने दंड सोडवून घेतला. "राणीला शेवटची आंघोळ मी घातली, आई. माझ्याच वयाची होती. किती वेळा पाणी बदललं तरी लालच. मला फार भीती वाटली गं."

"मला सांगितलं असतंस तर..."

"तर तू ऐकलं असतंस?"

मेंसियाचं सगळं आयुष्य दरबारात खोटं बोलण्यात गेलं होतं. पण आत्ता तिला साधं 'हो' म्हणता येईना.