भिंतीपलीकडचे गोचीड

थोरल्या जावेच्या बोटांतून गोचीड सुटला, असं कधी झालं नव्हतं. रोज दुपारी ती डबा घेऊन गाईजवळ बसायची आणि कानाच्या पाळीत, शेपटीखाली, कासेच्या सांदीत बोटं घालून एकेक गोचीड वेचायची. या कामाचा तिला भारी तोरा होता. फक्त ते मारायची तिला किळस यायची. म्हणून भरलेला डबा ती गोठ्याच्या भिंतीपलीकडे नेऊन गुपचूप रिता करायची. जातील कुठेतरी मेले!

धाकट्या जावेशी तिचं वर्षभर बोलणं बंद होतं. गेल्या साली भिंतीपलीकडे बांधलेलं वासरू आठ दिवसांत गेलं, तेव्हा थोरलीने सगळ्यांसमोर धाकटीला धारेवर धरलं होतं. "भसाभसा दूध पाजलंस, पोट बिघडून मेलं बिचारं!" तेव्हापासून दोघी गाईच्या मध्यस्थीने बोलत. "गाई, सांग तुझ्या थोरल्या मालकिणीला, नळाचं पाणी गेलंय." गाय रवंथ करत दोन्हीकडचं ऐकून घ्यायची.

आणि आता तीच गाय, आठ महिन्यांची गाभण, वैरणीला तोंड लावेना. अंगाला हात लावला तर चटका बसेल असा ताप. थोरलीला काही सुचेना, ती नुसतीच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ताई, बघत काय बसलात? डॉक्टरीणबाईंना फोन करा!" धाकटी ओरडली. वर्षभरात तिने थोरलीला थेट म्हटलेलं हे पहिलं वाक्य.

डॉक्टरीणबाईंनी ताप मोजला, कानाखालच्या सुजलेल्या गाठी चाचपल्या, रक्त तपासायला घेतलं आणि इंजेक्शन दिलं. "गोचीडताप वाटतोय. गोचीड चावतात, त्यातून रक्तात जंतू जातात. वेळेत बोलावलंत, उठेल ती. अशा गाठी याआधी कुणाला आल्या होत्या?"

"वासराला," धाकटी म्हणाली. "कानाखाली, लिंबाएवढ्या. सगळे म्हणाले, दूध जास्त पाजलं म्हणून गेलं."

"मग तेही यानेच गेलं असणार. दूध जास्त झालं म्हणून गाठी येत नाहीत. वेचलेल्या गोचिडांचं काय करता?"

"जाळते," थोरली म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेला होता.

"छान. काही लोक जिवंत टाकतात. मग ते फटीत शिरतात, कात टाकतात आणि पुन्हा जनावरावर चढतात. फुगलेली मादी तर हजारांनी अंडी घालते. आता गाईला औषध लावा, गोठ्यातल्या फटींत फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. तुम्ही जाळताय, म्हणजे बाहेर काही करायला नको."

तिसऱ्या दिवशी गाईने वैरण ओढली. अख्ख्या घराचा जीव भांड्यात पडला. थोरलीचा मात्र नाही.

फवारणीच्या दिवशी धाकटी खुशीत होती. औषध कालवता कालवता तिने गाईच्या पोटावर हात ठेवला. "वासरू झालं की मागच्या भिंतीपाशी बांधू. छान सावली असते तिथे."

थोरली गप्प बसली असती तर कुणाला कळणार नव्हतं. पण येणारं वासरूही त्याच गाठींनी जाईल, आणि दोष पुन्हा धाकटीलाच लागेल. ही गोष्ट तिला सहन होईना.

"तिथे नको," ती म्हणाली. "मी गोचीड जाळत नव्हते गं. तिथेच टाकत होते. तुझ्या लाडक्या वासराचा जीव माझ्यामुळे गेला, आणि नाव मात्र मी तुझं घेतलं."

धाकटीच्या हातातली काठी बादलीत तशीच थांबली.

"वर्षभर मला वाटत होतं, माझ्याच हातून गेलं ते," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. थोरलीला तिच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर झाला नाही.

बऱ्याच वेळाने धाकटीने पदराने तोंड पुसलं, नाकाला फडकं बांधलं आणि पंप पाठीवर घेतला.

"चला, दाखवा. कुठे कुठे टाकलेत ते सगळं दाखवा. वीतभर जरी भिंत सुटली तर बघा!"

थोरली पुढे झाली. "इथे. इथेही. त्या कोपऱ्यात." प्रत्येक जागा दाखवताना तिची मान आणखी खाली जात होती. एकही जागा तिने लपवली नाही. भिंत संपली, तरी ती पुढच्या कुंपणाकडे बोट दाखवत होती.

"तिथपर्यंत?" फडक्याआडून धाकटी म्हणाली. "ताई, गोचीड टाकायला गेला होतात की फिरायला?"

थोरलीला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिला रडू कोसळलं.