नुसती नोंद करणारं कर्नल

कार्तिक पौर्णिमेच्या सकाळी कहकशाँ अमरावतीच्या ऑफिसात आली तेव्हा तिला कसलीच घाई नव्हती. अकोल्याला विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या गयासुद्दीनची ही मुलगी, इंजिनिअर होऊन एका लहानशा कंपनीत लागली होती. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजचे दिवस होते. कापसाने दगा दिलाच होता, निदान हरभऱ्याला तरी पाणी मिळावं म्हणून कौंडण्यपूरच्या वरच्या अंगाला एक बंधारा झाला होता. त्याचा लोखंडी दरवाजा उचलणारी मोटर एका छोट्या संगणकाच्या हवाली केली होती, आणि त्या संगणकाचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कहकशाँने बांधलं होतं.

त्या कर्नलमध्ये सुरक्षेचं एक मॉड्यूल होतं. मोटरला कोणत्या प्रोग्रॅमने हात लावायचा आणि कोणत्याने नाही, हे ते बघायचं. असं मॉड्यूल कंपाइल करण्याआधी, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवण्याआधी, त्याचे पर्याय ठरवावे लागतात. यंत्र चालू असताना ते बंद करता यावं का? नियम मोडला तर अडवायचं, की नुसती नोंद करून जाऊ द्यायचं? नुसत्या नोंदीच्या पर्यायाला कहकशाँने होकार दिला होता. नियम तेव्हा अर्धवट होते. कडक ठेवलं असतं तर बंधाऱ्यावर दरवाजा सांभाळणाऱ्या नत्थुजींचं बटणही अडलं असतं. नियम पुरे झाले की नवं कर्नल बांधू, असं ठरलं. मग दुसरी कामं निघाली आणि ते राहून गेलं.

साडेअकराचा चहा पिता पिता तिने बंधाऱ्याकडून आलेल्या नोंदी उघडल्या. भलत्याच कुठल्यातरी प्रोग्रॅमने मोटर चालवली होती. काल दुपारी, परवा दुपारी, त्याच्या आदल्या दुपारीही. मॉड्यूलने दर वेळी इमानदारीने लिहून ठेवलं होतं की हे नियमाबाहेर आहे, आणि दर वेळी जाऊ दिलं होतं.

"नितेश, 'गेटटेस्ट' काय आहे?"

समोरच्या टेबलावरचा नितेश हसत वळला आणि वळता वळताच त्याचा चेहरा उतरला. दरवाजा बसवताना चाचणीसाठी त्यानेच तो प्रोग्रॅम लिहिला होता. रोज दुपारी बाराला दरवाजा उचलायचा, थोडा वेळ ठेवून खाली सोडायचा, दर दिवशी आधीपेक्षा जास्त.

"मी काढला होता तो," तो म्हणाला. मग हळूच, "काढला असन म्हणा. चार दिवसांआधी नवीन मेमरी कार्ड टाकलं ना, त्यात जुनीच कॉपी गेली वाटते."

"आज किती उचलणार?"

"आज पुरा."

कहकशाँने घड्याळ पाहिलं. पावणेबारा झाले होते. बंधाऱ्याच्या खाली कौंडण्यपूरचा घाट, आणि आज यात्रा. बाया पहाटेपासून पाण्यात उतरल्या असतील.

तिने बंधाऱ्याच्या संगणकाशी जोडणी करून पाहिली. लागेना. यात्रेच्या गर्दीने तिकडचा मोबाइल टॉवर तुंबला होता. नत्थुजींचा फोनही लागेना. घाईत ती तोच नंबर दोनदा चुकली.

"बंधाऱ्याजवळ एसटीडी आहे," नितेश म्हणाला. "गोदाबाईची. तिथं तारेचा फोन आहे."

रिंग वाजत राहिली. कहकशाँने डोळे मिटून घेतले. अखेर एका म्हाताऱ्या आवाजाने विचारलं, "कोन बोलून राहिलं?"

"गोदाबाई, मी अमरावतीवरून, दरवाज्याच्या ऑफिसातून बोलते. नत्थुजींना सांगा, मेन स्विच खाली ओढा. आत्ताच. बारा वाजता दरवाजा आपोआप उघडणार आहे."

"अव माय," बाई म्हणाली. "त्याची बायको मैना त खाली आंघोळीले गेली." मग तीच पुढे म्हणाली, "मीच जातो. पाठवाले कोनीच नाही अथी."

फोन ठेवल्याचा आवाज आला. पुढे काही कळायचा मार्ग नव्हता. दोघं नितेशच्या मोटारसायकलवर निघाली. रस्ताभर कहकशाँ एक शब्द बोलली नाही. मनात मात्र तिने तो होकार हजारदा पुसला.

ती पोचली तेव्हा दरवाजा खाली होता, पण घाटावर गढूळ पाणी चढून गेल्याच्या खुणा होत्या. चपला, पितळी तांबे, एक लुगडं, सगळं चिखलात. बाया पायऱ्यांवर एकमेकींना धरून बसल्या होत्या. कुणी रडत नव्हतं, त्याचीच कहकशाँला जास्त भीती वाटली.

"सगळे आहेत का?" तिने विचारलं.

"हायेत," ओलीचिंब मैनाबाई म्हणाली. "एक पोरगी वाहून चालली होती. केस धरून ओढली म्या तिले. हात मोडला तिचा, पन जित्ती हाय."

बंधाऱ्यावर नत्थुजी हँडलला टेकून बसले होते. तळहात सोलून निघाले होते. "गोदाबाई आली तवा दरवाजा वर चालला होता," ते म्हणाले. "मले वाटलं, तुमीच उघडून राहिले. काल-परवाही तसंच वाटलं. तिनं शिव्या घातल्या तवा स्विच ओढला, अन् मंग हातानं फिरवत खाली आनला."

कहकशाँने त्यांना काय झालं ते सांगितलं. नितेशचा प्रोग्रॅम आणि स्वतःचा होकार, दोन्ही. नत्थुजींनी ऐकून घेतलं.

अमरावतीला परतून तिने नवं कर्नल बांधलं. नुसत्या नोंदीचा पर्याय काढला, चालू यंत्रात मॉड्यूल बंद करायचा रस्ताही काढला. ते पाठवायच्या वेळी तिचा हात थांबला. आता नियमात चूक राहिली तर अमरावतीत बसून सुधारता येणार नव्हती, आणि पुरात दरवाजा उघडायचा तेव्हाच अडला तर? ती भीती पहिल्या भीतीपेक्षा लहान नव्हती.

म्हणून ती स्वतः कार्ड घेऊन बंधाऱ्यावर गेली. आधी नत्थुजींनी बटण दाबलं. दरवाजा वर गेला, खाली आला. मग तिने मुद्दाम नितेशचा प्रोग्रॅम चालवला. मोटर जागची हलली नाही.

"मशीन बिघडली का बाई?"

"नाही काका. अडवलं तिनं."

नत्थुजींनी मान हलवली, पण मेन स्विचवरचा हात काढला नाही. कहकशाँने काढा म्हटलं नाही. तिने तो प्रोग्रॅम पुन्हा चालवला, आणि पुन्हा एकदा, आणि प्रत्येक वेळी खालच्या पाण्याकडे बघत राहिली.