एकेक पुडी मोज

"मावशी, एकवीस पुड्यांचं मिळून वजन केलं, भागिले एकवीस. अगदी बरोबर! करा सही." पुड्या बांधायचं नवं मशीन तपासून द्यायला आलेली पोरगी खुशीत होती.

गुंजमावशींनी चष्मा कपाळावर चढवला. हॉस्पिटलच्या औषधखोलीत त्या छत्तीस वर्षं लहान मुलांच्या भुकटीच्या पुड्या बांधत होत्या. काट्यावरून मुंगी गेली, तर ती जेवून आलीय की उपाशी, हे त्या नुसतं बघून सांगायच्या. मुंगीसुद्धा मान डोलवायची म्हणे!

"माझा नवरा दोघांचं जेवला नि मी उपाशी राहिले," मावशी म्हणाल्या, "तर सरासरीनं आम्ही दोघंही जेवलो का गं?"

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. वरच्या मजल्यावर ओंजळीएवढं बाळ आहे. उद्यापासून त्याचं हृदयाचं औषध ह्यातून निघणार. त्याच्या तोंडात पुडी जाते, सरासरी नाही. एकेक मोज."

पोरीनं एकेक पुडी फोडून काट्यावर धरली. मधल्या एकोणीस शहाण्यासारख्या भरल्या. पहिली मात्र निम्मी निघाली, नि शेवटची दीडपट.

"शेंडेफळच ते!" मावशी म्हणाल्या. "थोरल्याच्या ताटातलं ओढणारच."

पोरीचे कान लाल झाले. "मग तुमच्या हातच्याही मोजू?"

इतका वेळ दाराशी उभे राहून बघणारे औषधखोलीचे साहेब एकदम कपाटात काहीतरी शोधायला लागले.

"मोज की! मी काय आभाळातून पडले?"

मावशींनी एकवीस पुड्या बांधल्या. सहा चुकल्या.

घरी हल्ली मावशींच्या हातातला कप बशीवर पाढे म्हणायचा. पण इथे, काट्यापाशी, हात आपलं ऐकतो अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी मशीनमधली चिमूटभर भुकटी बोटांत चोळली. पुन्हा चोळली.

"दमटलीय गं ही. आधी मशीनच्या तोंडाशी चिकटते, नि शेवटी सुटून सगळी शेवटच्या पुडीत पडते. भुकटीची नवी, कोरडी डबी घे. मशीनचं तोंड पुसून काढ."

पोरीनं तसं केलं. एकवीसच्या एकवीस बरोबर. पुन्हा काढल्या, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही.

"मावशी, तुम्ही नसता तर..." पोरगी तपासणीचा कागद भरायला बसली. 'हाताने' असं लिहिलेला रकाना तिनं हळूच कोरा सोडला.

"हे काय?"

"राहू दे ना. कोण बघतंय?"

"आण इकडे." मावशींनी त्या रकान्यात 'एकवीसपैकी सहा चूक' असं स्वतः लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली: रोज नवी डबी उघडली की पुड्या एकेक मोजाव्यात. सही केली.

मग कागद पोरीकडे सरकवला, बाह्या वर केल्या नि विचारलं, "बरं, ह्याला चालू कुठून करायचं?"