आक्काचं राहिलेलं वाक्य

घंटा तुम्ही वाजवलीत, सर. दुसऱ्या कुणावर ढकलू नका. डोक्यावर बोट मारलं की टिंग करणारी ती बुटकी घंटा तुमच्याच टेबलावर होती. माझी बहीण माईकसमोर तोंड उघडून उभी होती, शब्द ओठांपर्यंत आला होता आणि तुम्ही बोट मारलंत. वर हसलात.

"वेळ संपली हं, ताई."

ती तुमची ताई नव्हे. ती आक्का. माझी थोरली बहीण. तुमच्या कागदांवर तिला नाव नाही, 'सहभागी' असा शब्द आणि पुढे एक आकडा आहे. नाव लपवायचं असतं म्हणे, तिच्या भल्यासाठी. ठीक आहे, मीही लपवतो. पण ती कोण ते तुम्हाला ऐकावं लागेल.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या खोलीबाहेर एक बाई स्टुलावर बसलेली असते. आतून घंटा वाजली की ती उठते, दारातून बाजूला होते आणि ओरडते, "चला, पुढचा!" ती बाई म्हणजे आक्का. अख्खी नोकरी त्या एका दारात गेली. बढती नाही, बदली नाही. स्टूल बदललं तेवढं, तेही मोडलं म्हणून. पण त्या दारातून कुणाची घुसखोरी तिनं चालू दिली नाही. एकदा इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ थेट आत निघाला. आक्कानं तळहात वर केला. तो तिचा हात सगळ्या पेशंटांना ठाऊक होता.

"मी मोठ्या साहेबांचा मेहुणा आहे."

"मग साहेबांना घरी भेटा. इथं रांग आहे."

"तुला माहीत नाही मी कोण आहे ते!"

"माहिताय की. त्या खोकणाऱ्या आजोबांच्या मागचे तुम्ही."

अशी आक्का. आईवडिलांमागे मला तिनं वाढवलं, मोटार वायंडिंगचं काम शिकायला घातलं, माझं लग्न लावलं, स्वतःचं करायचं राहून गेलं. निवृत्त होऊन जरा कुठे पाय पसरून बसली तोच एका सकाळी लकव्यानं तिचा अर्धा चेहरा खाली ओघळला, एक पाय लुळा पडला. पाय नंतर बराचसा सुधारला. शब्द मात्र गेले. म्हणजे गेले म्हणायचं नाही, तुमची विद्यार्थिनी रागावते. शब्द आत असतात, सापडत नाहीत. कंगव्याला ती चावी म्हणायची. मला डॉक्टर. "डॉक्टर, चावी द्या" म्हणजे भावा, कंगवा दे. आम्हाला कळायचं. आमच्या घरात त्याला कुणी हसत नव्हतं असं नाही, माझी बायको हसायची, आक्काही हसायची. घरातलं हसणं वेगळं असतं, सर. ते तुमच्या अभ्यासक्रमात नसावं.

मग ती तुमची विद्यार्थिनी, चष्मेवाली पोरगी, आली. खांद्याला पिशवी, हातात रेकॉर्डर. प्रकल्पाचं नाव इतकं लांब होतं की सांगता सांगता तिलाच धाप लागली. आरोग्य होतं, भाषा होती, समाज होता, शेवटी संस्कृतीही होती. मला वाटलं, हिच्याकडून काय होणार. पण पोरीनं एक नियम घातला.

"काका, आक्कांच्या तोंडात शब्द घालायचा नाही. त्या शोधतायत ना, शोधू द्या. आपण थांबायचं."

"किती थांबायचं?"

"शब्द येईपर्यंत."

"आणि नाहीच आला तर?"

"तरी थांबायचं."

माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तोवर इकडे दूध उतू जाईल माझं."

"जाऊ दे, काकू."

"तू पुसणारेस का शेगडी?"

पोरगी म्हणाली, पुसेन. आणि खरंच एकदा पुसली तिनं. खोटं कशाला बोलू?

आम्ही थांबायला शिकलो. तुम्ही पुस्तकात लिहिता म्हणून सोपं वाटतं. समोरचं माणूस एका शब्दासाठी घामाघूम होतंय, शब्द तुम्हाला दिसतोय आणि तो गिळून गप्प बसायचं, हे करून बघा कधी. मधे कुणी बोललं की आक्का तळहात वर करायची. दवाखान्यातलाच हात. थांबा, रांग आहे. आणि एका दुपारी ती माझ्या बायकोकडे बघत राहिली, राहिली आणि म्हणाली, "कंगवा."

बायकोनं कंगवा द्यायचा सोडून पदर डोळ्यांना लावला. आक्का वैतागली. "अगं... कंगवा!" दोनदा म्हणाली. मग हळूहळू छोटी वाक्यं आली. मोडकी, मधे मोठाल्या फटी असलेली, पण तिची. "मी... भांडी... घासते." "हा शर्ट... नको... मळकाय." मला पहिल्यासारखी रागावली त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. आनंदानं, दुसरं काय.

आणि ऐन तेव्हा पोरगी म्हणाली, "काका, माझं सॅम्पल पूर्ण झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे डेटा पुरेसा झाला. आता मला यायची गरज नाही."

आक्कानं विचारलं, "उद्या?"

"उद्या नाही, आक्का. आता आमच्या विद्यापीठात विद्यार्थी-संशोधनाचा मोठा कार्यक्रम आहे. तिथं मी तुमच्याबद्दल बोलणार." मग जरा चाचरत म्हणाली, "तुम्ही याल? सहभागींना सहसा कुणी बोलवत नाही. पण या."

आलो आम्ही. आक्का घरातली बरी साडी नेसली. आधीचे कितीतरी दिवस ती दार लावून आत काहीतरी पुटपुटत होती. बायकोनं विचारलं, काय चाललंय? तर तळहात. तिला तिथं काहीतरी बोलायचं होतं, सर. काय ते तिनं आम्हालाही सांगितलं नाही. बोलताना फसली तर आधीच ऐकलेल्यांनी पुढचा शब्द सांगून टाकला असता, ते तिला नको होतं.

तुमचा तो हॉल मी डोळे भरून पाहिला. भिंतीभर फलक. एका पोरानं ड्रायव्हर लोकांच्या शिव्या गोळा करून खाली टिपा दिल्या होत्या. ड्रायव्हर एकही नव्हता. असता तर टिपांना आणखी भर पडली असती. दुसऱ्यानं म्हाताऱ्यांच्या एकटेपणावर रंगीत आलेख काढला होता. चहाच्या टेबलापाशी त्यानं आक्काला कोपरानं बाजूला सारलं आणि बिस्किटं घेऊन मित्रांत गेला. धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातांचे मोठे मोठे फोटो होते. चेहरे नव्हते. ते तुम्ही कापता. सगळीकडे माणसांच्या अंगाचे, बोलण्याचे, दुखण्याचे तुकडे टांगलेले, आणि त्यांच्यामधून तुम्ही छातीवर बिल्ला लावून हिंडत होतात, वा, छान, उत्तम म्हणत. तुमचं ज्ञान म्हणजे हेच का हो? माणूस मागच्या दारानं घालवायचा आणि त्याचा आवाज तेवढा ठेवून घ्यायचा?

चष्मेवालीची पाळी आली. चांगली बोलली. मग तिनं आवाज लावला. अंधाऱ्या हॉलमधे आक्काचा आवाज घुमला, "डॉक्टर, चावी द्या." हॉल हसला. वाईट मनानं हसला असं मी म्हणत नाही. बाळ बोबडं बोललं की हसतात तसा. आक्का माझ्या शेजारी बसली होती. तिनं मान वळवून मागच्या रांगांकडे पाहिलं. कोण हसतंय ते ती एकेक तोंड बघत होती. दवाखान्यात गोंधळ झाला की असंच बघायची.

"कुणाला प्रश्न?" तुम्ही विचारलंत.

आक्कानं हात वर केला.

"अरे वा! साक्षात सहभागीच! या, या, ताई. टाळ्या!"

ती पाय ओढत माईकपाशी गेली. टाळ्या थांबल्या.

"मी..." ती म्हणाली. मग थांबली. मला शब्द दिसत नव्हता, पण ती शोधतेय हे दिसत होतं. "तुम्ही... माझं... हसलात..."

"हसू आलं ना? आनंद झाला तुम्हाला," तुम्ही म्हणालात.

तळहात.

"आभार मानायचेत का?"

पुन्हा तळहात. चष्मेवाली तुमच्या बाजूलाच उभी होती. थांबायचं, शब्द घालायचा नाही, हे आम्हाला शिकवणारी. तिनं तुमच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तिची वाचा शाबूत होती.

"माझं... आहे ते... तुम्ही..." आक्काच्या कपाळाची शीर फुगली. शब्द आला होता, सर. मी घरी हजारदा बघितलंय तो येताना. खालचा ओठ आत जातो, डोळे स्थिर होतात.

आणि तुम्ही घंटा वाजवलीत.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. आक्काचा वाकडा खांदा सरळ झाला. ती माईकपासून एक पाऊल बाजूला सरली, दाराकडे वळली आणि तिच्या जुन्या, खणखणीत, कुठंही फट नसलेल्या आवाजात ओरडली, "चला, पुढचा!"

आणि मग तुम्ही खुर्चीतून उठलात. लॉटरी लागल्यासारखे. "पाहिलंत? ऑटोमॅटिक स्पीच! सवयीनं आपसूक निघणारं बोलणं! पुस्तकात वाचतो ते डोळ्यांसमोर! सगळ्यांनी नोंद घ्या!" टाळ्या पडल्या. आधीपेक्षा मोठ्या. पेनं चालायला लागली. चष्मेवालीचंही.

त्या गर्दीत आक्काकडे एकटा मी बघत होतो. आपल्या तोंडून काय निघालं ते तिला कळलं. ती माईककडे वळली. पण तिथं पुढचा मुलगा येऊन उभा राहिला होता. तुम्ही बोलावलं म्हणून नव्हे, तिनं हाक मारली म्हणून. आणि हाक मारलेल्या माणसाच्या पुढे घुसायचं हे आक्काला जन्मात जमलेलं नाही. ती पदर सावरून बाजूला उभी राहिली. त्या मुलाचं भाषण संपेपर्यंत तशीच उभी होती, दाराशी, ड्यूटीवर असल्यासारखी.

तेव्हापासून आक्का बोललेली नाही. कंगवा नाही, चावीसुद्धा नाही. बायको समोर बसते, थांबते, दूध उतू जातं, आता कुणी काही म्हणत नाही. फक्त दारावरची बेल वाजली की ती उठायची, बाजूला व्हायची आणि तेच ओरडायची. मग आपल्याच तोंडावर हात दाबून बसायची. मी बेल काढून टाकली. लोक कडी वाजवतात.

चष्मेवाली येऊन गेली. रडली. म्हणाली, "काका, माझे मार्क सरांच्या हातात आहेत हो." मी म्हटलं, "आक्काचं वाक्यही त्यांच्याच हातात होतं." चहा न घेता गेली.

आणि काल तुमचा निरोप आला. कॅमेरा घेऊन घरी यायचंय. सोबत तीच घंटा आणायचीय. दोनतीनदा वाजवून बघायचीय, तो 'पुढचा' नीट टिपायचाय. शेवटी लिहिलंत, 'आपला फार वेळ घेणार नाही.'

याच्याइतकं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात वाचलं नाही. वेळच पाहिजे आहे, सर! तुमच्याकडे दुसरं आहे काय आमच्या कामाचं?

या. जरूर या. घंटा घरी ठेवा, कॅमेरा घरी ठेवा, बिल्लाही काढून या. कडी वाजवा. आक्काच्या पलंगासमोर एक खुर्ची मांडली आहे, तिच्यावर बसा. तुम्हाला बघून ती तळहात वर करेल. तेव्हा तोंड मिटायचं. तुम्ही हसलात त्यावर तिला काही म्हणायचं होतं, ते वाक्य तुमच्या घंटेखाली अजून अर्धं पडलंय. ते पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही. संध्याकाळ झाली तरी नाही. झालंच नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, आणि इथं रांगेत तुमच्या मागे कुणी नाही, तेव्हा घाईचं कारण सांगू नका.

येता की नाही? उत्तर द्या.