इतिवृत्तातला ‘त्याला’

धाकटीने एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखिकेची नोकरी केली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर महिला मंडळाच्या सभांचं इतिवृत्त लिहायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. मंडळ थोरल्या बहिणीने, ताईने, उभं केलेलं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांसाठी मंडळाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सहा खाटांचा निवारा होता आणि ताईचा अर्धा जीव तिथेच असे.

त्या शनिवारी सभेपुढे एकच विषय होता. दोन गल्ल्या सोडून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी सभासदत्वाचा अर्ज भरला होता. त्या जन्मल्या मुलगा म्हणून. गेली बारा वर्षं बाई म्हणून राहत होत्या. कुणी विचारलेलं नसताना त्यांनीच हे अर्जात लिहिलं होतं.

नियमावलीत होतं, ‘कोणतीही स्त्री सभासद होऊ शकेल.’ एक तरुण प्राध्यापिका म्हणाली, ‘स्वतःला स्त्री मानणारी कोणतीही व्यक्ती’ असं करू या. कुणाला ‘मानणारी’ खटकलं, कुणाला ‘व्यक्ती’. एक म्हणाली, व्याख्याच करत बसलो तर वरच्या चादरी कोण धुणार? तासभर शब्दांचा कीस पडला. घड्याळवाल्या बाई शेवटच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं सगळ्याच टाळत होत्या, त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यासुद्धा.

“वरच्या बायका पुरुषाचा आवाज ऐकला तरी दचकतात,” ताई म्हणाली. “इथे पुरुष येणार नाही, असा मी त्यांना शब्द दिलाय. उद्या त्याला वर पाठवलं तर त्यांना काय तोंड दाखवू?”

धाकटीचं पेन अडखळलं. मग तिने ‘त्याला’ तसंच लिहिलं.

अध्यक्ष डॉक्टरीणबाईंनी अखेर अर्जदारालाच विचारलं.

“वाक्य बदला असं मी म्हटलं नव्हतं,” घड्याळवाल्या बाई संथपणे म्हणाल्या. “‘स्त्री’ लिहिलं होतं म्हणून अर्ज भरला. आता हे केलंत, तर तुम्ही सगळ्या स्त्रिया आणि मी तेवढी मानणारी.” प्राध्यापिकेचा चेहरा उतरला. “वर मला राहायचं नाही, मला घर आहे. पण माझ्यासारखी कुणी मार खाऊन दारात आली, तर काय कराल ते ठरवा.”

वाक्य आहे तसंच राहिलं. अर्ज अकरा विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला. निवाऱ्याचा विषय पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई धाकटीच्या स्वयंपाकघरात हजर.

“माझं वाक्य कसं लिहिलंस?”

“म्हणालीस तसं.”

“‘अर्जदाराला’ कर. अर्थ तोच राहतो.”

“अर्थ तोच आहे, तर बदलतेस कशाला?”

“तुला अक्षरं मी गिरवायला शिकवली,” ताई म्हणाली.

“हो ना. खाडाखोड करायची नाही, हेही तूच शिकवलंस.”

ताई चहा अर्धा टाकून गेली. धाकटीला दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. एका शब्दाने कुणाचं काय बिघडणार होतं? पण कोर्टात तिने धडधडीत खोटं बोलणाऱ्यांचेही शब्द जसेच्या तसे उतरवले होते. सख्ख्या बहिणीसाठी वेगळा न्याय कुठून आणायचा?

पुढच्या सभेत तिने इतिवृत्त वाचलं. ‘त्याला’पाशी तिचा आवाज खाली आला, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. घड्याळवाल्या बाई समोर बघत राहिल्या. ताई उठली.

“दुरुस्ती आहे. शब्द खोडू नकोस, बोलले ते बोलले. खाली लिही, ‘तिला’ म्हणायला हवं होतं.” मग खाली न बसताच म्हणाली, “आणि हेही लिही, निवाऱ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.”

“माझंही नाही,” घड्याळवाल्या बाई म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. ताईच्याही ओठांचा कोपरा हलला.

निवाऱ्यावर आणखी तीन सभा गेल्या. ताईने वरच्या बायकांना स्वतः विचारलं. चौघींना चाललं असतं, दोघींना नाही. शेवटी तळमजल्यावरची सामानाची खोली रिकामी करून तिथे एक खाट टाकायची ठरली. ही तडजोड ना ताईला धड पटली, ना घड्याळवाल्या बाईंना. तरी खोली दोघींनी मिळूनच झाडली. त्या खोलीला कडी आतून हवी की बाहेरून, यावर त्यांची जुंपली, तेव्हा धाकटीने वही पिशवीत टाकली. ती काही सभा नव्हती.