स्वतःच लिहिलेली शिफारस

"सर, 'मनमिळाऊ' लिहू का?"

"लिही गं, हवं ते लिही. मी खाली सही ठोकतो," चहात बटर-बिस्किट बुडवत डॉक्टर दिनानाथ म्हणाले.

बारावीनंतर दोन वर्षं स्वप्ना त्यांच्या पापडी गावातल्या नर्सिंग होममध्ये मदतनीस होती. दक्षिणेतल्या मिशनच्या मेडिकल कॉलेजसाठी चर्चच्या फादरांचं शिफारसपत्र मिळालं होतं. डॉक्टरांचं राहिलं होतं, आणि ते आज संध्याकाळच्या कुरिअरने गेलं नाही तर मुदत टळणार होती. घरात तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली. आणि या डॉक्टरांनी आपलं काम तिच्याच गळ्यात मारलं! स्वतःची स्तुती स्वतःच लिहायची म्हणजे मेली लाज वाटते. तरी तिने इंग्रजीत लिहून काढलं: शांत आहे, सहनशील आहे, रुग्ण तिच्यावर विश्वास टाकतात.

एवढ्यात दाराची काच फुटली.

दुपारी रेतीच्या ट्रकखाली सापडलेला एक तरुण इथे आणेपर्यंतच गेला होता. त्याचा भाऊ प्रल्हाद चार-पाच जणांना घेऊन आला होता. हातात लोखंडी सळई.

"कुठं हाय तो डाक्टर? माज्या भावाला हात पन लावला नाय त्यानं!"

डॉक्टर तेवढ्यात एक्स-रेच्या खोलीत शिरून आतून कडी लावून बसले. जिवाची काळजी शिकलेल्या माणसाला जरा जास्तच असते.

प्रल्हादने औषधांचं कपाट आडवं केलं. स्वप्नाने हात जोडले, तर सळई तिच्या खांद्यावर बसली. मग तो वॉर्डात घुसला. तिथे म्हातारे रुग्ण क्लेमेंट अंकल ऑक्सिजनवर होते.

"माजा भाऊ मेला, आनि ह्या म्हाताऱ्याला जगवताय?" म्हणत त्याने नळी उपटली. अंकल तडफडू लागले.

सिलिंडर उघडायचा पाना तिथेच होता. स्वप्नाने तो उचलून प्रल्हादच्या डोक्यात घातला. तो कोसळला, सळई हातातून सुटली, आणि तिने पुन्हा मारलं. त्या दुसऱ्या फटक्याची काही गरज नव्हती. भिंतीवर रक्त उडालं. बाकीचे पळाले.

तिने आधी अंकलची नळी लावली. मग प्रल्हादच्या डोक्यावर कापूस दाबून धरत ओरडली, "सर, बाहेर या! टाके घालायचेत!"

टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी हात धुतले. "तो घसरून पडला असं सांगू," ते म्हणाले आणि पत्र न वाचताच त्यांनी सही केली. "पळ आता, कुरिअरवाला थांबायचा नाही."

निघण्याआधी ती प्रल्हादची नाडी बघायला गेली. त्याने डोळे उघडले, तिला पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"नको, बाय... आता मारू नको."

स्वप्ना टेबलाशी आली आणि रुग्णांच्या विश्वासाची ती ओळ तिने पेनाने खोडून टाकली.

"वेड लागलं का तुला? खाडाखोड केलेलं पत्र तिकडे कोण घेणार?"

"नाही घेतलं तर नाही, सर. तुम्हीच जाऊन द्या. मला त्याची नाडी बघायचीय."

डॉक्टर पत्राचं पाकीट घेऊन फुटक्या काचा चुकवत बाहेर पडले.

स्वप्ना स्टूल ओढून प्रल्हादच्या खाटेशी बसली. आपले दोन्ही रिकामे हात त्याला दिसतील असे चादरीवर ठेवले, आणि तो तोंडावरचे हात काढीपर्यंत तशीच बसून राहिली.